संकट संपण्याआधीची साक्ष

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला जे उभे राहतात, ते बहुधा संकट सरल्यावर उभे राहतात. आजार बरा झालेला असतो, मुलाला नोकरी लागलेली असते, कोर्टातला दावा निकाली निघालेला असतो, आणि मग देवाचा हात कोठे कोठे होता हे सांगणे सोपे जाते. अशा साक्षींचे मोल मी कमी लेखत नाही. माझ्या आईच्या तोंडून अशाच साक्षी ऐकत मी वाढले. परंतु ज्या घरातले संकट अजून उठलेले नाही आणि कदाचित उठणारही नाही, त्या घराने देवाच्या मार्गदर्शनाविषयी काय बोलावे, याची आमच्याकडे फारशी रीत नाही. माझे यजमान डायलिसिसवर आहेत. ते बरे झालेले नाहीत. तरीही आमच्या पाळकसाहेबांनी, "बाई, आत्ताच लिहा, नंतर लिहाल तेव्हा ते वेगळेच होईल," असा आग्रह धरला, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते.) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि पुढे गावोगाव शाळा काढल्या, त्यांपैकीच एका शाळेतून माझ्या सासरी ख्रिस्ती विश्वास आला. यजमान साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रात्रीच्या जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना, रविवारी उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजन आणि नाताळात घरोघर जाऊन भजने, असा आमचा साधा क्रम होता. देव मार्ग दाखवतो यावर आमचा विश्वास होताच, परंतु तो विश्वास रोजच्या वापरातला नव्हता, कारण रोजचा मार्ग आम्हाला आधीच माहीत असायचा.

यजमानांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही जुने. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत असताना दुखत नाहीत, त्यामुळे माणूस बराच काळ बेसावध राहतो. पायांवर सूज आली, जेवणावरची वासना उडाली, तोंडाला धातूसारखी चव येऊ लागली, तेव्हा तपासण्या झाल्या. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, फार वाढलेले होते आणि मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा पंधराच्या खाली उतरला होता, म्हणजे आजाराची पाचवी आणि शेवटची पायरी. मूत्रपिंडांच्या डॉक्टरांनी (नेफ्रॉलॉजिस्टनी) कागदावर आकृती काढून समजावले की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण एवढेच दोन रस्ते आहेत. डायलिसिससाठी मनगटाजवळची रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला करावी लागते, आणि ती सुई टोचण्याजोगी व्हायला सहा आठवडे तरी जातात, तेव्हा निर्णय लांबवू नका.

निर्णय लांबला, आणि त्याचे कारण आमची श्रद्धाच होती. आजाराची बातमी नात्यागोत्यात पसरली तसे फोन येऊ लागले. प्रार्थना करणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्या प्रार्थनांवरच आम्ही ते दिवस काढले. परंतु दूरच्या एका नातलगाने यजमानांना ठामपणे सांगितले की, आता हातावर शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे देव बरे करणार नाही असे आधीच धरून चालणे होय; आधी विश्वास पुरा करा, मग पाहा. दुसऱ्याने एका सुवार्तिकाकडे नेण्याची तयारी दाखवली, जो म्हणे डोक्यावर हात ठेवून रिपोर्ट बदलतो. यजमान सरळ मनाचे आहेत. त्यांना हे बोलणे खोल लागले, आणि देवाने काही खूण दाखवल्याशिवाय सही करायची नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी उपवास-प्रार्थना केली आणि शास्ते या पुस्तकातली गिदोनाची कथा वाचली. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली. एका रात्री लोकर दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी, दुसऱ्या रात्री त्याच्या उलट व्हावे, असे त्याने मागितले, आणि देवाने दोन्ही वेळा तसे केले. खूण मागणाऱ्यांचा हा आवडता आधार आहे. परंतु त्याच अध्यायात थोडे मागे गेले की दिसते, गिदोनाला काय करायचे हे देवाने आधीच स्वच्छ सांगितलेले होते. त्याला रस्ता ठाऊक होता, धीर होत नव्हता. देवाने त्याच्या भित्रेपणावर रागावण्याऐवजी त्याला सांभाळून घेतले, हा त्या कथेतला कृपेचा भाग आहे. प्रत्येक निर्णयाआधी लोकर पसरावी असा नियम मात्र त्यातून निघत नाही, असे माझे मत झाले आणि अजून आहे.

यजमानांचे मन वळवले ते वेगळ्याच ओळीने. हिज्कीया राजा मरणास टेकला होता, त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले, हे आम्हा सगळ्यांना पाठ असते. त्या वचनानंतर यशया संदेष्ट्याने काय केले, हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही. त्याने अंजिरांचा लेप आणायला सांगितला आणि तो राजाच्या गळवावर बांधवला. देवाचा शब्द मिळालेला होता, बरे होणे ठरलेले होते, तरीही लेप लागलाच. यजमानांनी हे दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मग आपल्याला कशाची वाट पाहायची?" दुसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही केली. आकाशातून काही उतरले नाही, कोणाला स्वप्न पडले नाही. एक जुना उतारा नीट वाचला, आणि डॉक्टर जे सांगत होते ते ऐकायला आमचे कान मोकळे झाले. त्याला मी मार्गदर्शन म्हणते.

फिस्टुला झाली. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्त काढू द्यायचे नाही, उशाखाली तो हात घ्यायचा नाही आणि जड पिशवी उचलायची नाही, अशी ताकीद मिळाली. जोडलेल्या जागी रक्त जोराने वाहू लागते, तेव्हा त्वचेखाली बारीक थरथर लागते. रोज सकाळी बोटे ठेवून ती लागते आहे ना, हे पाहायचे असते, कारण थरथर थांबली तर फिस्टुला बंद पडलेली असते. यजमान सकाळच्या प्रार्थनेआधी ते पाहू लागले. मग तीच त्यांची प्रार्थनेची सुरुवात झाली: "प्रभू, चालू आहे," एवढेच ते म्हणत. आयुष्यभर लांब प्रार्थना करणारा हा माणूस. मी सुरुवातीला हसले, नंतर हसणे बंद केले.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. दोन जाड सुया. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून गाळून परत येते. आत जाण्याआधी वजन करतात, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये जे वजन वाढते ते साठलेले पाणीच असते, आणि रुग्णाचे जे ड्राय वेट (जास्तीचे पाणी नसतानाचे वजन) ठरवलेले असते तिथपर्यंत ते पाणी ओढून काढतात. फार ओढले की रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात. घरी परतल्यावर ते दुपारभर गळून पडतात आणि संध्याकाळी थोडे माणसांत येतात. त्यानंतरचा दिवस चांगला जातो, आणि चांगला दिवस मावळतो तोवर पुढची पाळी समोर उभी असते.

खरा बदल स्वयंपाकघरात झाला. मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकत नाहीत आणि ते वाढले तर हृदय थांबू शकते, म्हणून नारळपाणी, केळी, संत्री, टोमॅटो, सुकामेवा हे सगळे बंद. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे. लोणचे-पापड गेले, मीठ मोजून आले. आणि पाणी! चोवीस तासांत जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचे, दिवसभराचे पाणी तेवढेच, आणि त्यातच चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचा घोट असे सगळे बसवायचे. नगरच्या उन्हाळ्यात, ज्याने उभी हयात कारखान्याच्या भट्टीशेजारी तांब्याने पाणी पीत काढली, त्या माणसाने खुणेच्या बाटलीतून घोट घोट मोजावेत, हे पाहवत नसे. मी सकाळी बाटली भरून ठेवत असे आणि संध्याकाळपर्यंत ती पुरवणे हे त्यांचे काम.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाचे मर्म मला या बाटलीने समजावले, असे म्हणायला हरकत नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळे तो माणशी एक ओमर (तेव्हाचे एक माप), त्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्याला किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा विसाव्याचा. मी हा पाठ रविवारच्या शाळेत मुलांना कितीतरी वेळा शिकवला होता, आणि दर वेळी त्याचा रोख लोभ करू नये असा ठेवला होता. आता वाचताना मला त्यात लोभी माणसांपेक्षा घाबरलेली माणसे अधिक दिसली. उद्या मिळेल की नाही या धास्तीने त्यांनी साठवले असणार. आमचेही तेच चालले होते. पैसे किती वर्षे पुरतील, फिस्टुला किती वर्षे चालेल, मी निवृत्त झाल्यावर काय, मुलाचे लग्न केव्हा, या सगळ्या वर्षांची कृपा आम्ही एकाच रात्री मागत होतो आणि ती मिळत नाही म्हणून देवावर रुसत होतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असे आहे. 'रोजची' आणि 'आज' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत, आणि लहानपणापासून मी ते वाक्य एका दमात म्हणून टाकत आले होते. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवले की रात्रीच्या प्रार्थनेत पुढच्या पाळीपलीकडचे काही मागायचे नाही. हे पाळणे फार जड गेले. मुलाचे नाव ओठांवर आले की त्याच्या मागोमाग दहा वर्षे येत.

सगळ्याच गोष्टी प्रार्थनेने सोडायच्या नसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो, पण आमचे प्रकरण परत आले, कारण शिधापत्रिकेवर यजमानांचे नाव योहान होते आणि आधार कार्डावर जॉन. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असा घोळ आमच्या समाजात घरोघर आहे. शेजारच्या एका भगिनीने सांत्वन केले, "बाई, दार बंद झाले म्हणजे प्रभूची इच्छा नसेल." मला ते मुळीच पटले नाही. कारकुनी नकाराला देवाचे उत्तर समजणे हा भोळेपणा आहे, आणि गरिबांच्या बाबतीत तो घातक भोळेपणा आहे. लूकाच्या शुभवर्तमानातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली आणि प्रभूने तिचे कौतुक केले. मीही तहसील कचेरीत पुन्हा पुन्हा गेले, प्रतिज्ञापत्र केले, नाव दुरुस्त करून घेतले. रुग्णालयातल्या योजनेच्या मदतकक्षात बसणारा आरोग्यमित्र हा तरुण मुलगा स्वतः उठून आमचे कागद वरच्या टेबलापर्यंत घेऊन गेला. त्याला आमच्या विश्वासाशी काही देणेघेणे नव्हते. कृपा आपल्याच मंडळीतल्या माणसाच्या हातून येईल, असे मी कधीपासून धरून बसले होते कोण जाणे.

मूत्रपिंड देण्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र दार खरोखर बंद झाले. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे पती-पत्नी जवळच्या नातेवाइकांत मोडतात, रक्तगट जुळत होता, आणि मी देणार हे मी कोणालाही न विचारता ठरवले होते. मुलगाही पुढे आला, पण यजमानांनी त्याला हात जोडले: "तुझे घेऊन मला झोप लागायची नाही." ते त्यांचे शेवटचे उत्तर होते. मग पुण्याच्या रुग्णालयात माझ्या तपासण्या सुरू झाल्या: ऊतींची जुळणी, माझे मूत्रपिंड त्यांच्या रक्ताला चालेल का हे पाहणारी क्रॉसमॅच, चोवीस तासांच्या लघवीतले प्रथिन, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. जसजसा एकेक अहवाल चांगला येत गेला, तसतशी माझी खात्री वाढत गेली की देव आम्हाला याच रस्त्याने नेत आहे. शेवटी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासले, तर साखर मधुमेहाच्या हद्दीत निघाली. मला कधी कसलाही त्रास नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मधुमेह असलेल्या माणसाचे मूत्रपिंड आम्ही घेत नाही. पुढे तुम्हालाही हाच आजार होऊ शकतो.

परतीच्या एसटीत आम्ही दोघे काहीच बोललो नाही. त्या रात्री मला देवाचा राग आला, आणि तो मी प्रार्थनेत बोलूनही दाखवला. इतके अहवाल पुढे जाऊ द्यायचे आणि मग शेवटच्या पायरीवर अडवायचे, यात मला कसलीच योजना दिसत नव्हती. काही दिवसांनी प्रेषितांची कृत्ये वाचताना सोळाव्या अध्यायापाशी थांबले. पौल आणि त्याचे सोबती आशियात वचन सांगायला निघाले, तर पवित्र आत्म्याने त्यांना मना केले. बिथुनियाकडे वळले, तर येशूच्या आत्म्याने जाऊ दिले नाही. असे ते समुद्रकाठी त्रोवसापर्यंत येऊन पोहोचले, आणि "इकडे येऊन आम्हाला मदत कर" असे विनवणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत पौलाला तिथे झाला. आपण हा अध्याय दृष्टांतासाठी वाचतो. परंतु त्रोवसापर्यंतची ती सगळी वाट पौल दोन नकारांवर चालला आहे, पुढे काय आहे हे कोणी त्याला सांगितलेले नाही. आणि त्याला ती वाट किती दिवसांची वाटली असेल, याबद्दल लूकाने एक शब्द लिहिलेला नाही.

मी ही तुलना फार ताणत नाही. माझ्या नकाराच्या पलीकडे मला मासेदोनिया दिसलेला नाही. एवढे खरे की त्या तपासणीमुळे माझा मधुमेह वेळेवर कळला, गोळी आणि पथ्य सुरू झाले, आणि घरात आजाऱ्याकडे पाहणारे माणूस उभे राहिले. यजमान म्हणतात, "देवाने माझ्यासाठी तुला तपासले." हे त्यांचे वाचन आहे. मला ते मानवते, पण त्यावर मी शिक्कामोर्तब करणार नाही.

नंतर आम्ही पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवले. यादी लांब आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत भेट मिळालेले एक कॅलेंडर आहे, त्यावर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन छापलेले आहे. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे, असा त्याचा आशय. ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर हे वचन जितके दिसते तितके क्वचितच दुसरे दिसत असेल. कॅलेंडरवर दहावे वचन छापत नाहीत. त्यात बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असे आहे. ही वचने बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातली आहेत. हे पत्र ज्यांच्या हातात पडले, त्यांपैकी बहुतेक प्रौढ माणसे परत जाण्याआधीच मरणार होती, आणि देवाने त्यांना ते लपवून ठेवले नाही. त्याआधीच्या वचनांत त्यांना काय करायला सांगितले आहे? घरे बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. थोडक्यात, वाट पाहणे हेच तुमचे एकमेव काम करू नका.

यजमानांनी हे अक्षरशः घेतले. डायलिसिस केंद्र हेच आपले बाबेल, असे ते थट्टेने म्हणतात. फिटर माणूस, केंद्रातल्या खाटेचे कुरकुरणारे चाक त्यांनी स्क्रूड्रायव्हर नेऊन नीट केले. नव्या रुग्णांना सुया काढल्यावर कापूस किती वेळ दाबून धरायचा, तहान लागली तर बर्फाचा खडा कसा चघळायचा, हे ते समजावून सांगतात. मुलाचे लग्न आम्ही पुढे ढकलले नाही. पाळीच्या मधला चांगला दिवस पाहून तारीख धरली, आणि वऱ्हाडी मंडळींत कोणालाच ते कळले नाही.

सगळे असे निभावून गेले नाही. एका उन्हाळ्यात पाणी अंगात साठून त्यांना मध्यरात्री श्वास घेता येईना. आडवे झाले की घुसमट होई. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि पहाटेच्या आत तातडीने डायलिसिस लावावे लागले. बाहेरच्या बाकड्यावर मी मोबाइलवर स्तोत्रसंहिता उघडली. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे मला त्या क्षणी म्हणता आले नाही. मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. त्यात कोणतेही सांत्वन नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे, याचा मला त्या रात्री फार आधार वाटला. ज्याला पुढे काही दिसत नाही, त्याच्यासाठीही प्रार्थनेचे शब्द तयार करून ठेवलेले आहेत.

त्याच वर्षी यजमानांच्या शेजारच्या खाटेवरचे काका गेले. नेवासा तालुक्यातले शेतकरी, एकादशी न चुकवणारे वारकरी. दोघांची घट्ट मैत्री होती. यंत्र चालू असताना एक अभंग म्हणायचा, दुसरा भजन. पुढच्या पाळीला त्या खाटेवर दुसरा माणूस होता. यजमानांनी पाळकसाहेबांना विचारले, "त्यांनी काही कमी प्रार्थना केली होती का?" पाळकसाहेबांनी उत्तर दिले नाही, आणि त्यांनी दिले नाही म्हणून मी त्यांचा मान धरते. नंतर घरी आम्ही पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचला. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांना बरे करीत, तोच तिथे सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. कारण नाही, खुलासा नाही. पहिल्या पत्रात तीमथ्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असा औषधी सल्ला आहे. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती करूनही पौलाला मिळालेले उत्तर "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढेच आहे. 'पुरे' म्हणजे किती, हे आम्ही आता बाटलीवरच्या खुणेने मोजतो.

केडगावच्या मुक्ती मिशनला मी महिला मंडळाबरोबर गेले होते. पंडिता रमाबाईंचे चरित्र लहानपणापासून आपल्याला ऐकवले जाते ते दुष्काळातून वाचवलेल्या मुली, विधवांचा आश्रम, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून केलेले बायबलचे भाषांतर, अशा मोठ्या गोष्टींसाठी. त्या भेटीत माझे मन अडकले ते तारखांत. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. जिच्या हाती सगळे काम द्यायचे, ती आईच्या आधी गेली, आणि आईने उरलेले महिने काम चालूच ठेवले. देवावर भार टाकून चालणाऱ्या बाईची एवढी मोठी आशा पुरी झाली नाही, तरी तिचा देव बदलला नाही. हे मी आधीही ऐकले असणार, पण तेव्हा माझ्या घरात यंत्राचे वेळापत्रक नव्हते.

आमच्या भागात शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते, आणि उसाला पाणी द्यायला माणसे बॅटरी घेऊन बांधावरून जातात. बॅटरीच्या उजेडात पुढची दोन-तीन पावले दिसतात. शेताचे दुसरे टोक दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून कोणी बांधावर उभा राहत नाही. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात देवाचे वचन पावलांसाठी दिवा आहे असे म्हटले आहे, ते लिहिणाऱ्यालाही एवढाच उजेड ठाऊक असावा.

गेल्या महिन्यात रात्री पुण्याहून फोन आला. एका मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिली होती, आणि यादीत पुढे असलेल्या रुग्णाची क्रॉसमॅच जुळली नाही तर उपयोगी पडावे म्हणून यजमानांना राखीव म्हणून बोलावले होते. आम्ही लगेच निघालो. मुलगा आणि सून दारातच उभे होते. रक्त घेतले, उपाशी ठेवले, आणि पहाटे समन्वयक भगिनींनी येऊन सांगितले की पहिल्या रुग्णाची जुळणी झाली आहे, तुम्ही घरी जाऊ शकता. मी यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहायला धजत नव्हते. त्यांनी विचारले, "तो पेशंट केवढा आहे?" नाव किंवा वय सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिथेच, प्रतीक्षाकक्षाच्या खुर्चीवर बसून, प्रार्थना केली: आधी ज्या घरातले माणूस गेले त्या घरासाठी, मग ज्याला मूत्रपिंड मिळाले त्याच्यासाठी, आणि शेवटी आमच्यासाठी. आमच्यासाठी त्यांनी एकच गोष्ट मागितली, दुपारची पाळी चुकू नये एवढीच, कारण नगरला परत पोहोचायला उशीर होत होता.

पाळी चुकली नाही. समन्वयक भगिनींनी क्रॉसमॅचसाठी रक्ताचा ताजा नमुना वेळोवेळी पाठवत राहायला आणि फोन रात्रीही चालू ठेवायला सांगितले आहे. पुढचा नमुना येत्या गुरुवारी द्यायचा आहे.